जहाज होईपर्यंत ढगेसाहेब उभे

मांडव उतरवताना सतरंजी उचलली की खाली काय काय सापडतं! कानातलं, चमचे, अक्षता. एकदा तर कोण्या पाहुण्याची कवळी सापडली. ती न्यायला कोणीच आलं नाही, म्हणजे तो माणूस अजून कुठेतरी वरणभातावर दिवस काढत असेल. किस्स्यांचंही असंच असतं. माणसं उठून जातात, किस्से खाली राहतात.

माझं वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, गाद्या, स्वयंपाकाचे मोठाले गंज, पराती, सगळं भाड्यानं मिळतं. तरी सगळ्यात जास्त किस्से मला लग्नात नाही सापडले, माझ्याच दुकानाच्या ओट्यावर सापडले. ते देशाच्या संरक्षणाचे आहेत, तेव्हा जरा जपून वाचा. यात खोटं फार थोडं आहे, अन् जे आहे ते मी स्वतः घातलेलं असल्यामुळे चांगल्या प्रतीचं आहे.

*

चातुर्मासात मुहूर्त नसतात. खुर्च्या थप्पीला लागतात अन् मी ओट्यावर बसतो. रविवारी सकाळी तिघं जण यायचे. पहिले ढगेसाहेब. माझ्या समोरच्या घरात राहतात. सरकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. त्यांचं सारं आयुष्य दर महिन्याचा आढावा घेण्यात गेलं. विहिरी मंजूर किती, खोदल्या किती अन् नुसत्या कागदावर ओल्या किती. दुसरे वानखेडे सर, शाळेत भूगोल शिकवायचे. तिसरे अल्लीपूरचे सुभेदार, फौजेतून परत आलेले. मोटारसायकलवर यायचे अन् खुर्चीवर बसल्यावरही मोटारसायकलवर असल्यासारखेच ताठ.

एका रविवारी पेपरात आलं की सरकारनं संरक्षणाचं लांब पल्ल्याचं धोरण ठरवलं आहे. पुढच्या कित्येक वर्षांत जहाजं, विमानं, ड्रोन, काय काय होणार ते सगळं दिलेलं. ढगेसाहेबांनी ती बातमी दोनदा वाचली अन् आम्हाला विचारलं, याचा आढावा कोण घेते?

मी म्हटलं, दिल्लीवाले घेत असतील.

"दिल्लीवाले घोषणा करते सुधाकर," ढगेसाहेब म्हणाले. "आढावा ही वेगळी गोष्ट आहे. आढावा घेणारा माणूस काम करणाऱ्याच्या ऑफिसात बसला नाई पायजे. दूर बसला पायजे."

दिल्लीपासून दूर म्हणायला बोरगाव मेघे काही वाईट नाही. त्याच दिवशी खातेवाटप झालं. सुभेदारांकडे पायदळ. वानखेडे सरांकडे हवाई दल, कारण नकाशा त्यांना पाठ. माझ्याकडे ड्रोन, कारण लग्नाच्या शूटिंगला मी तो लावतो. नौदल ढगेसाहेबांनी स्वतःकडे ठेवलं. वर्ध्यापासून समुद्र कोणत्याच बाजूनं जवळ नाही, पण पेपरात लिहिलं होतं की एक मोठं लढाऊ जहाज गोदीत अगदी शेवटच्या टप्प्यात आहे. शेवटच्या टप्प्यातलं काम आपल्या टेबलावर ओढून घेणं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

नियमही त्यांनीच केला. ज्याचं काम मागं पडलं, त्यानं बैठकीत उभं राहायचं. काम झालं की बसायचं. कोणी कोणाला दंड करायचा नाही, कोणी कोणावर ओरडायचं नाही. "माणूस उभा राह्यला की आपोआप समजते," ते म्हणाले.

पुढच्याच रविवारी पेपरात आलं, जहाजाची तारीख पुढे गेली.

ढगेसाहेबांनी ती बातमी मोठ्यानं वाचली. चष्मा काढून खिशात ठेवला. आपली खुर्ची उचलून थप्पीवर ठेवली अन् खांबाजवळ उभे राहिले. मी म्हटलं, साहेब, खांबाला टेका तरी. ते म्हणाले, नियमात टेकण्याचा उल्लेख नाई.

*

आता एक उभा अन् तीन बसलेले, अशा बैठका सुरू झाल्या. वानखेडे सरांचा हवाई दलाचा अहवाल ऐकण्यासारखा असे. आमच्या डोक्यावरून नागपूरला उतरणारी विमानं जातात. सर मान वर करून सांगायचे, "प्रगती समाधानकारक. आज सकाळी एक गेलं."

ढगेसाहेब म्हणाले, "सर, ते पुण्याचं प्रवासी विमान होतं."

"प्रवासी तं प्रवासी. वर होतं की नाई?"

"त्याच्यात लोकं बसून होते."

"म्हणजे मजबूत आहे," सर म्हणाले अन् पाय पसरून बसले.

मला वाटलं, आता सर उठणार. ढगेसाहेबांनी पुढचा अहवाल मागितला. नंतर मी त्यांना एकट्याला विचारलं, तुमी सरांले उभं काऊन नाई केलं? तर म्हणाले, "मीच उभा आहे. मी कोणत्या तोंडानं दुसऱ्याले उठवू? मी बसलो की पाहतो एकेकाकडं."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

*

सुभेदारांचा अहवाल तर एका शब्दाचा. पायदळाची प्रगती काय, विचारलं की ते मिशीवर हात फिरवायचे अन् म्हणायचे, "गोपनीय."

प्रत्यक्ष फौजेतला माणूस. आम्ही आवाज खाली आणायचो. सर तर इकडेतिकडे बघून घ्यायचे, कोणी ऐकून तर नाही राह्यला.

मग चातुर्मास संपला अन् सुभेदारांच्याच गावी, अल्लीपूरला, माझ्याकडे एका लग्नाचं काम आलं. मांडव माझा, जेवण माझं, ड्रोनही माझाच. ड्रोनवाल्यानं नवरदेवाची वरात वरून धरली, मग मांडव धरला, मग म्हणाला, स्वयंपाक पण वरून घेऊ. अन् तो ड्रोन कडुनिंबाच्या फांदीला लागून सरळ दाळीच्या गंजात!

आचारी रडायच्या बेतात. दोन गंज दाळ होती, त्यातला एक गेला. पंगत बसलेली. अल्लीपूरसारख्या गावात दाळ पुरली नाही तर पुढची दहा लग्नं हातची जातात. तेवढ्यात सुभेदारांनी कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या सरसावल्या अन् दुसऱ्या गंजाचा ताबा घेतला. पाणी, मीठ, तिखट, वरून लसणाची फोडणी. कोणाला विचारलं नाही, एकदाही चाखून पाहिलं नाही. एका गंजात सगळं लग्न जेवलं अन् नवरदेवाकडच्या माणसानं दुसऱ्यांदा दाळ मागितली.

ढगेसाहेब तिथेच होते, अर्थात उभे. बैठकीतल्या खुर्च्या माझ्या, म्हणून माझ्या खुर्चीवर बसायचं नाही, असा नियम त्यांनी सगळ्या मांडवांना लावून घेतला होता, अन् आमच्या भागात मांडव म्हटला की खुर्च्या माझ्याच. त्यांनी सुभेदारांना बाजूला घेऊन विचारलं, हे कुठं शिकले?

सुभेदार म्हणाले, "लंगरात, फौजेच्या स्वयंपाकघरात. माही सगळी नोकरी लंगरातच झाली."

"मंग इतके दिवस गोपनीय काय होतं?"

"दाळीत पाणी किती टाकलं ते," सुभेदार म्हणाले. "फौजेत त्याच्यापेक्षा मोठं गुपित नाई, साहेब."

ड्रोनचा अहवाल मी त्या रविवारी दिला. लक्ष्य साधलं, असं सांगितलं.

*

रविवारचा चहा ढगेसाहेबांच्या घरून यायचा. कुंदाकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, रस्ता ओलांडून किटली घेऊन यायच्या. काकू अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका होत्या. साऱ्या तालुक्याच्या सेविका त्यांचं नाव काढलं की पदर सारखा करायच्या. एक ढगेसाहेब सोडून त्यांनी सगळ्यांना सरळ केलेलं.

त्या दिवशी काकूंनी किटली ठेवली अन् गेल्या नाहीत. ढगेसाहेब तेव्हा बंगालच्या उपसागरावर बोलत होते. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बंगालच्या उपसागरातलं पाणी तुमाले इथून दिसते जी. न्हाणीतलं दिसत नाई?"

न्हाणीतला नळ गळत होता. काकूंनी सांगायला सुरुवात केली तेव्हा थेंब थेंब होता, आता धार झाली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की या बैठकीत नळाचाही आढावा घ्यावा. काम तर मागं आहेच.

आम्ही तिघं चहात तोंड घालून बसलो. नवरा-बायकोच्या मध्ये बोलायचं नाही हे पायदळालाही कळतं. ढगेसाहेब गोंधळले नाहीत. म्हणाले, "घरचा नळ या बैठकीच्या कक्षेत येत नाई. तरी घेऊ. पण एका वेळी एकच विषय. जहाज निकाली निघालं की पुढचा विषय नळ."

"सगळ्यायच्या समोर सांगून राह्यले ना?"

"सगळ्यांसमोर."

काकूंनी आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं, अंगणवाडीत हजेरी घेतात तसं. मग रिकामे कप उचलले अन् गेल्या. त्या दिवसापासून आमच्या चहात साखर बेताची पडू लागली.

*

आमच्या जहाजापायी एका लग्नाचा मुहूर्त टळला, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण मांडव माझा होता, अन् शिव्या मीच खाल्ल्या.

नवरीचे मामा कोकणातले, बँकेत नोकरीला. वेळ भरत आली. नवरदेव पाटावर उभा, पुढे अंतरपाट धरलेला, भटजी तयार. आता मामानं नवरीला घेऊन यायचं. मामा गायब!

इकडे शोधलं, तिकडे शोधलं. नवरीची आई रडायला लागली. भटजी घड्याळाकडे बघून घसा साफ करत राहिले. शेवटी मला सापडले, ते स्वयंपाकाच्या कनातीमागे. ढगेसाहेबांनी त्यांचा हात धरून ठेवला होता. मामांच्या गच्चीवरून रात्री समुद्रातले दिवे दिसतात, एवढं ढगेसाहेबांना नाश्त्याच्या वेळी कळलं होतं. आता ते विचारत होते, दिवे कोणत्या रंगाचे, हलतात की नाही, अन् एखादा दिवा बाकीच्यांपेक्षा मोठा वाटतो का. मामा बिचारे सभ्य. डोळे मिटून आठवून आठवून सांगत होते.

मी मामांना ओढत नेलं. तोवर व्हायचा तो उशीर झालाच होता. अक्षता पडल्यावर नवरदेवाचे वडील तडक ढगेसाहेबांसमोर आले अन् म्हणाले, "माहा पोरगा तिथं कवाचा उभा होता!"

ढगेसाहेबांनी मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "काम मागं पडलं की उभं राहाच लागते. मी त्याच्याहून कवाचा उभा आहे. मी कोणाले बोललो का?"

त्या माणसानं उलट ढगेसाहेबांना खुर्ची आणून दिली. ती खुर्ची माझी होती, त्यामुळे उपयोग झाला नाही.

*

मग एके दिवशी सर ओरडत आले, जहाज पाण्यात उतरलं! टीव्हीवर दाखवत होते. नारळ फुटला, दोर सुटले, अन् एवढं मोठं धूड पाण्यात सरकलं. मी पेढे आणले. सुभेदारांनी थप्पीवरची खुर्ची काढून रुमालानं पुसली. आमच्या सगळ्यांच्या तोंडावर आनंद, अन् ढगेसाहेब खांबाजवळ जसेच्या तसे.

"बसा ना साहेब," मी म्हटलं. "झालं."

"कुठं झालं? पाण्यात उतरलं, नौदलात कुठं आलं? अजून आतली यंत्रं बसायची आहे, चाचण्या व्हायच्या आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुहा तं लग्नाचाच धंदा आहे सुधाकर. हे नुसतं साक्षगंध झालं, साखरपुडा. साक्षगंध झालं म्हणून तू मांडवाचं भाडं घेतो का?"

साक्षगंध मोडलेली मी कितीतरी पाहिली आहेत. पेढे आम्ही खाल्ले. त्यांनी त्यांचा पेढा कागदात बांधून घरी ठेवला, लग्नासाठी.

*

इथपर्यंत गंमत होती. मग त्यांचे गुडघे सुजले.

काकू एकदा मधल्या वारी दुकानात आल्या, किटलीशिवाय. म्हणाल्या, रविवारी रात्री झोप नाही लागत त्यांना, पाय धरून बसतात अन् विचारलं तर म्हणतात, काही नाई. मग काकू मला म्हणाल्या, "खुर्च्या तुह्या आहे सुधाकर. आता तूच पाह्य."

काकूंनी आजवर मला बरंच काही सुनावलं होतं, पण मागितलं कधी काही नव्हतं.

सावंगीच्या रस्त्यावर एका डॉक्टरकडे त्यांना मीच घेऊन गेलो. हाडांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो पाहिला अन् सांगितलं, असंच तासन् तास उभे राहिलात तर ऑपरेशन टळणार नाही. बसत का नाही तुम्ही? ढगेसाहेबांनी खरं ते सांगितलं. जहाज नौदलात आल्याशिवाय मला बसता येत नाही.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग त्यानं एक चिठ्ठी लिहिली अन् आम्हाला दोन खोल्या सोडून पलीकडे पाठवलं. तिथे मनाच्या डॉक्टर होत्या. बाई मोठ्या शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, धोरण, खातेवाटप, नियम. शेवटी एकच विचारलं, "बैठकीत बाकीचे किती जण असतात?"

"तिघं," ढगेसाहेब म्हणाले.

"ते कुठे असतात, तुम्ही उभे असताना?"

"खुर्चीवर."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, "तुम्हाला काही झालेलं नाही. त्या तिघांना पाठवून द्या."

परतीच्या वाटेवर ढगेसाहेब सारखे हसत होते. मी गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं.

पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्या रविवारी आम्ही तिघंही खुर्च्या बाजूला सारून उभे राहिलो. ढगेसाहेबांनी ते पाहिलं अन् बैठक तहकूब केली. म्हणाले, सगळेच उभे राह्यले तर कोणाचं काम मागं आहे ते समजणार कसं? मग मी ओट्यावर झुला टांगला अन् म्हटलं, साहेब, ही खुर्ची नाई, झुल्याचा नियमात उल्लेख नाई. त्यांनी झुल्याची साखळी हातात धरली, थोडा हलवून पाहिला. त्यांना तो आवडला होता, मला दिसत होतं. तरी म्हणाले, ही पळवाट आहे.

शेवटी वानखेडे सर उठले. त्यांनी चांगला तोडगा काढला होता. नौदल माझ्याकडे द्या, हवाई दल तुम्ही घ्या. मी उभा राहतो, माझे गुडघे शाबूत आहेत.

ढगेसाहेब म्हणाले, "सर, मी सगळी नोकरी हेच पाह्यलं. रखडलेली फाईल आली की लोकं बाजूच्या टेबलावर सरकवत. मी एकही सरकवली नाई. साहेब लोकं चिडत माह्यावर. आता निवृत्त झाल्यावर सरकवू का?"

सर खाली बसले, पण खुर्चीच्या काठावर. त्या दिवशी दोन विमानं डोक्यावरून गेली, सरांनी एकही मोजलं नाही.

*

अन् मग एकदाचं झालं.

जहाज नौदलात दाखल होणार, अशी पक्की बातमी आली. काकूंनी ती माझ्याकडून दोनदा वदवून घेतली. मी म्हटलं, आता बिछायतवाला काय असतो ते दाखवू. ओट्याला मखमली पडदा लावला. लग्नात लावतो तो मोठा टीव्ही लावला. अन् मधोमध नवरा-नवरीची खुर्ची ठेवली, लाल गादीची, सोनेरी हाताची, दोघं बसतील एवढी रुंद. ढगेसाहेब इस्त्रीचा सफारी घालून आले. काकू नवीन लुगड्यात, हातात तो कागदात बांधलेला पेढा. तो आता बंदुकीच्या गोळीसारखा झाला होता.

टीव्हीवर बँड वाजला, जहाजावर झेंडा चढला. राष्ट्रगीत लागलं तेव्हा आम्ही पाचही जण ताठ उभे होतो. ते संपलं.

ढगेसाहेब हळूहळू त्या खुर्चीकडे गेले. एका हातानं सोनेरी दांडा धरला, मग दुसऱ्या हातानं, अन् खाली बसले. दोन्ही गुडघे वाजले, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. काकूंनी पदर डोळ्याला लावला. सुभेदार दुसरीकडे बघू लागले. मी पेढ्यांचा डबा उघडला अन् आम्ही तिघंही मोठ्या समाधानानं आपापल्या खुर्च्या ओढून बसलो.

ढगेसाहेबांनी पाठ टेकली. डोळे मिटले. मग उघडले, खिशातला चष्मा काढला, डोळ्यावर चढवला.

"हं," ते म्हणाले. "वानखेडे सर. हवाई दल."

सरांनी वर पाहिलं. आभाळ एकदम कोरं. कुठेही काही नव्हतं. सर उठून उभे राहिले.

"सुभेदार. पायदळ."

"गोपनीय."

"दाळ सोडून सांगा."

सुभेदार उठले. ढगेसाहेबांची नजर माझ्याकडे वळायच्या आत मी उभा होतो.

तेव्हा काकू पुढे आल्या. त्या रुंद खुर्चीच्या रिकाम्या बाजूला ऐसपैस बसल्या, पदर सावरला अन् म्हणाल्या, "झाला ना जी एक विषय निकाली? आता नळ."

ढगेसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पायातल्या चपलेकडे पाहिलं, मग सोनेरी दांड्यावर हात ठेवून उठू लागले. काकूंनी त्यांचा खांदा दाबून धरला. "तुमी नका उठू. इतक्या दिवसांनी बसले."

"काम मागं आहे कुंदा."

"मंग हे तिघं रिकामे उभे आहे ना?"

ढगेसाहेबांनी विचार केला. मग हात उचलून समोरच्या घराकडे बोट दाखवलं. "मनुष्यबळ उपलब्ध आहे," ते म्हणाले.

आम्ही तिघं न्हाणीत शिरलो. सरांनी सांगितलं की पाणी नेहमी उताराकडे जातं. मी पान्हा फिरवला, तर अख्खा नळच माझ्या हातात आला. पाणी छतापर्यंत उडालं. सर बादली शोधायला पळाले अन् घसरून बादलीतच बसले. सुभेदारांनी तळहात पाइपावर दाबून धरला होता. त्यांच्या मिशीवरून पाणी गळत होतं, कोपरावरून गळत होतं, दाराच्या फटीतून अंगणात चाललं होतं.

रस्त्यापलीकडून, त्या लाल खुर्चीवरून, ढगेसाहेबांचा आवाज आला. कार्यालयात असताना लावायचे तोच, शांत अन् खणखणीत.

"सुभेदार, नळाची प्रगती काय?"

सुभेदारांनी आमच्याकडे पाहिलं. छाती पुढे काढली.

"गोपनीय!"